कढई न चढलेल्या घरात

इंदूरला जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात, राजवाडा पाहिलास का आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत काय खाल्लेस. मला दोन्ही प्रश्नांची धड उत्तरे देता येत नाहीत. राजवाडा मी टांग्यातून जाता जाता पाहिला. सराफ्यात गेलोच नाही, कारण ज्या घरी उतरलो होतो तिथे त्या दिवसांत चैनीला बाहेर पडणे शोभले नसते. तरीही हा प्रवास लिहून ठेवावा असे वाटते. मध्यभारतात मी गेलो होतो तो एक नवा खाऊ शोधायला, आणि तो जिथे सापडेल असे मला वाटले होते तिथे तो नव्हता.

आमचा धंदा भडभुंज्याचा. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरांजवळ आमची भट्टी आहे. तापलेल्या वाळूत फुटाणे, मुरमुरे, लाह्या भाजायच्या आणि समोरच्या टोपल्यांत ठेवून विकायच्या. आजोबांनी तेच केले, वडिलांनी तेच केले. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. जळगावला रसायनशास्त्र शिकतो. शिकतो म्हणजे अजून बरेचसे कळत नाही, पण सुट्टीत घरी आलो की बोलून मात्र जातो. अशाच एका सुट्टीत मी वडिलांना म्हणालो होतो की आता विज्ञानाने रोज नवे पदार्थ निघताहेत. वडिलांनी ते मनावर घेतले.

दसऱ्यानंतर ते म्हणाले, "लोक आता शेव-गाठी खातात. आपला माल दोनच वेळी लागतो, लक्ष्मीपूजनाला आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेला. तेवढ्यावर भट्टी चालत नाही. यार्डात कोळशावर जागा आहे, मुकादम देतो म्हणतो. तुळशीचं लग्न झालं की भट्टी फोडू. त्याआधी तू म्हणतोस तसा एखादा नवा माल सापडला, तर बघू."

मी विचारले, कुठे शोधू? आमच्याकडे शेव येते ती इंदूर-रतलामकडची, म्हणून वडिलांनी इंदूर सांगितले. तिथे सखूमावशी आहे. "आणि दिवाळीतच जा," ते म्हणाले. "लाह्यांचं मी आणि तुझी आई बघतो. दुकानात बघून काय कळणार? दिवाळीत लोकांची ताटं बघायला मिळतात."

खंडव्याहून पुढे

खंडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. नर्मदेच्या पुलावर डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. पुढे घाट लागतो. काळाकुंड नावाच्या लहानशा स्टेशनवर गाडी थांबली आणि पानाच्या द्रोणांत कलाकंद घेऊन माणसे खिडक्यांशी आली. आजूबाजूला नुसता डोंगर आणि सागाचे रान. एवढ्या रानात मिठाई कोण करतो, असे मी शेजारच्या महूच्या गृहस्थांना विचारले.

ते म्हणाले, "रान आहे म्हणूनच करतात, साहेब. पाड्यांवर दूध भरपूर, पण गिऱ्हाईक नाही. शहरात न्यायचं तर वाटेत नासतं. मग आटवतात आणि गाडीची वाट बघतात."

मी द्रोण चाटूनपुसून खाल्ला, पण त्यांच्या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. माझ्या डोक्यात इंदूरची यंत्रे होती.

मावशीचे घर कृष्णपुऱ्यात, नदीच्या बाजूला. गच्चीवरून राजघराण्याच्या समाध्यांच्या छत्र्या दिसतात. मावशीचे यजमान, ज्यांना मी काका म्हणतो, कापड मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, जॉबर आहेत; कामगारांवरचे मुकादम. त्यांचे वडील साताऱ्याकडून मिलमध्ये आले आणि इथलेच झाले. काकांची मराठी ऐकली की आम्हा खानदेशी माणसांना आधी हसू येते आणि मग आवडू लागते.

वडिलांनी मावशीसाठी लाह्यांची मोठी पिशवी दिली होती, त्या वर्षीच्या सगळ्यांत टपोऱ्या लाह्यांची. मी दारात पाया पडलो आणि पिशवी उघडून मावशीसमोर धरली. "लक्ष्मीपूजनाला बाबांनी खास भाजल्यात," असे मोठ्याने म्हणालो.

मावशीने पिशवीला हात लावला नाही. काकांनी भिंतीकडे पाहिले. तिथे आजीचा, म्हणजे काकांच्या आईचा, फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता. भाद्रपदात आजी गेल्या होत्या. पत्र आमच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. लाह्या-गुलाल उधळत त्यांना नेले होते, आणि मी तेच दोन महिन्यांनी पिशवीभर घेऊन दारात उभा होतो. आमचाच माल, त्याचे दोन्ही उपयोग मला लहानपणापासून ठाऊक, तरी अशी वेळ आली.

काकांनीच पिशवी माझ्या हातातून घेतली. "अरे भिया, तुला थोडंच मालूम होतं," ते म्हणाले. "आत ये. चहा घे पहिले." मग फोटोकडे बघून म्हणाले, "आईला लाह्या आवडायच्या तशा. ताकात भिजवून खायची."

त्या घरात त्या वर्षी कढई चढणार नव्हती. आमच्याकडेही हा रिवाज आहे: वर्षात माणूस गेले असेल तर पहिल्या दिवाळीला घरात तळण करायचे नाही, चकली नाही, करंजी नाही. वडिलांनी मला दिवाळीची ताटे बघायला पाठवले होते आणि मी नेमका ताट नसलेल्या घरी येऊन पडलो होतो.

सियागंज

दुसऱ्या दिवशी काकांची दुपारची पाळी होती. सकाळी ते मला सियागंजात घेऊन गेले. आधी एका टपरीवर पोहे खाल्ले. इंदूरचे लोक पोह्यांवर शेव घालतात, त्यावर कांदा, त्यावर जिरावन नावाची आंबटतिखट पूड, आणि शेजारी जिलबी. गोड आणि तिखट एकाच घासात आमच्याकडे कोणी खात नाही. मी जिलबी शेवटी खायला ठेवली, तर पोहेवाला काकांना म्हणाला, "पावणे को समझाओ, ठंडी हो जाएगी."

सियागंज म्हणजे घाऊक बाजार. एका गल्लीत लोखंडी सामान, पुढच्या गल्लीत गूळ, मिरची, हिंग. हमालांच्या पाठीवरची पोती चुकवत आम्ही काकांच्या ओळखीच्या एका शेवेच्या शेठजींकडे गेलो. दुकानामागेच कारखाना होता. मी मोठ्या आशेने आत पाहिले. भल्यामोठ्या कढया होत्या, त्यांवर लाकडी घोडीवर बसवलेले साचे, आणि उघड्या अंगाने शेव पाडणारी माणसे. यंत्र म्हणावे असे काही नव्हते.

शेठजी पांढऱ्या गादीवर बसले होते. माझे काम ऐकून त्यांनी मला नीट न्याहाळले.

"कॉलेज में पढ़ते हो?"

"हो. रसायनशास्त्र."

"तो किताब में नहीं लिखा, नया माल कहाँ से आता है?"

मी म्हणालो, तेच विचारायला आलो आहे. ते हसले, आणि शेवेचे दोन वाडगे पुढे ओढले. एकात जाड शेव होती, दुसऱ्यात बारीक, तोंडात घालताच विरघळणारी.

"ये मोटी म्हारा बाप बनाता था. एक ग्राहक रोज़ आके लड़ता था, म्हारी माँ के दाँत नहीं हैं, तुम्हारी सेव चुभती है. बाप ने कहा, तो मत खिला. वो दूसरे दिन फिर आया. आखिर तंग आके बाप ने मोयन बढ़ाया, छेद बारीक किया. बुढ़िया तो मर गई, पर सेव चल निकली."

"आणि लवंगेची शेव?" काकांनी विचारले.

"वो भी किसी के दाँत से निकली होगी," शेठजी म्हणाले. "इंदौर में आधा नमकीन दाँत के दर्द से निकला है, आधा बीवी के ताने से." नोकर हसले. मग ते मला म्हणाले, "भिया, माल मत ढूँढो. शिकायत ढूँढो. जो आदमी कहे, मैं ये नहीं खा सकता, उसके पीछे जाओ."

परतताना काका म्हणाले, "शेठ बोलतो बढिया, पण मोयन किती ते बोलला नाही बघ!" मोयन म्हणजे पिठात घालायचे तेल, आपले मोहन. मलाही तेव्हा वाटले की शेठजींनी गोड बोलून वाटेला लावले. मी लिहून नेण्यासारखे काहीच पाहिले नव्हते.

हातोद

इंदूरच्या पश्चिमेला हातोद आहे, तिथे धान्याचा बाजार भरतो. निदान माळव्याचे धान्य तरी पाहावे म्हणून मी एकटाच सर्व्हिस मोटारीने गेलो. वाटेत काळीभोर जमीन, कापून रचलेला मका, आणि पुढे नुसते मोकळे आभाळ. आमच्या केळीच्या मुलखातून आलेल्याला ते फार उघडे वाटते.

बाजाराच्या कडेला मला एक भट्टी दिसली. तिला इकडे भाड म्हणतात. आमच्यासारखीच, मातीची, पाठीमागे जाळ घालायचे तोंड असलेली. पण त्या तोंडात जाळ नव्हता, कोंबडी बसली होती. भाडाच्या सपाट माथ्यावर चहाची किटली आणि कपबश्या मांडल्या होत्या. चहा घेता घेता मी मालकाला सांगितले की आम्हीही भडभुंजेच. त्याचा चेहरा खुलला.

"धाणी फोड़ते हो अभी तक?" त्याने विचारले. धाणी म्हणजे ज्वारीच्या, मक्याच्या लाह्या.

"फोडतो. पण खप नाही."

"म्हारे भी नहीं था. अब चाय में ठीक है." तो कपबशी विसळत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "ठंडा भाड़ बरसात में बैठ जाता है. मिट्टी है. आँच मिले तब तक ही ईंट."

माझ्या डोळ्यांपुढे आमची भट्टी आली आणि त्या भट्टीत कोंबडी आली. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. त्याने जाताना मला पांढऱ्या ज्वारीची एक पुरचुंडी दिली. हा दाणा चांगला फुटतो म्हणाला. ती घेऊन मी संध्याकाळी परत आलो. दिवाळी सुरू झाली होती आणि माझ्या हाती पुरचुंडीशिवाय काही नव्हते.

लक्ष्मीपूजन

कृष्णपुऱ्यात दारोदार कंदील लागले. मावशीच्या दारात एकच पणती होती. पूजा साधीच झाली. लाह्यांची वाटी ठेवताना मावशी क्षणभर थांबली, मग ठेवली.

आणि मग ताटे येऊ लागली. समोरच्या मराठी शिक्षकांच्या घरून चकल्या, खालच्या माळवी घरून गुजिया आणि शक्करपारे, काकांच्या मिलमधल्या जोडीदाराकडून लाडू. प्रत्येक बाई ताट ठेवून नुसती निघून जात नव्हती. बसत होती. आजींची एखादी आठवण निघे. कोणी सांगे, आजी कशा नळावर भांडायच्या. मावशी ऐके, पदर डोळ्याला लावी, आणि जाताना रिकाम्या ताटात साखरेची चिमूट घालून परत करी.

ताटे मोजत नव्हतो, पण बघत होतो, आणि बघता बघता मला शेठजींचे बोलणे आठवले: जो म्हणतो मी हे खाऊ शकत नाही, त्याच्या मागे जा. मी त्याच घरात तर बसलो होतो. प्रत्येक गावात प्रत्येक दिवाळीला अशी घरे असतात. आमच्या मालाला तेल नाही, कढई नाही. मी काकांना म्हणालो, "काका, दुखवट्याच्या घरांसाठी तळणाशिवायचा फराळ केला, तर? पुडा बांधून विकला तर? आमच्या भट्टीवर होईल."

काका "हां" म्हणत होते, पण मावशीने हातातले ताट खाली ठेवले.

"आणि मग या बायका कशाला येतील रे?" ती म्हणाली. "पुडा आणला की झालं, नाही का? मी इथे फराळासाठी बसलेय असं वाटतं तुला?"

ती रागावली नव्हती, तेच जास्त लागले. काका म्हणाले, "जाऊ दे ना, पोरगा आहे, बापाच्या फिकरीत बोलला." मावशी म्हणाली, "फिकीर मला कळते. पण हे तू विकू नकोस, बाळा."

त्या वेळी खोलीत भागवंतीबाई बसल्या होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, सिंधमधून आलेल्या. त्या शेवयांचे ताट घेऊन आल्या होत्या आणि इतका वेळ गप्प होत्या. आमची मराठी त्यांना किती कळली कोण जाणे, पण विषय कळला असावा.

"बहनजी," त्या मावशीला म्हणाल्या, "तुम्हारे यहाँ थाली आई. जहाँ नहीं आती, वहाँ?"

मग त्यांनी सांगितले. त्या आल्या त्या वर्षी निर्वासितांच्या कॅम्पात त्यांचे यजमान गेले. काही दिवसांनी दिवाळी आली. कढई चढवायची नव्हती, आणि ताट घेऊन कोणी आले नाही.

"ओळख नव्हती म्हणून?" मावशीने विचारले.

"ना. पहचान तो थी. सारे हमारे ही लोग थे." त्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "हर तंबू में वही हुआ था. किसी की भी कढ़ाई नहीं चढ़ी. कौन किसके यहाँ थाली ले जाता?"

बाहेर मुलांचे फटाके चालले होते.

"एक भाड़ वाला आता था टोकरी लेकर," त्या म्हणाल्या. "उसके चने में न तेल, न कढ़ाई. सब बच्चों ने उसी की दिवाली की. वो भी समझ गया था. चिल्लाता नहीं था. बस टोकरी लेकर खड़ा हो जाता."

त्या गेल्यावर मावशीने दार लावले. मग मला म्हणाली, "उद्या करून बघ काय करायचं ते. माझ्या चुलीवर कर."

पाडवा

मी सकाळीच लागलो. काकांनी नदीतून वाळू आणून दिली, ती मी धुऊन वाळवली. हातोदची ज्वारी ओली करून पंच्यात बांधली होतीच. चूल पेटवली, फळीवरची कढई काढली आणि चुलीवर ठेवणार, तेवढ्यात मावशी किंचाळली.

"अरे, कढई!"

मी कढई तशीच हातात धरून उभा राहिलो. तळणाशिवायचा फराळ करायला निघालो होतो, आणि या वर्षीच्या चुलीवर पहिली कढई मीच चढवत होतो. भट्टीवर आमची मोठी लोखंडी कढईच असते, त्यामुळे हातांना तेवढेच माहीत. भाजायला असो की तळायला, मावशीच्या लेखी कढई ती कढई.

मग करायचे कशात? तव्यावर वाळू राहीना. मावशी आत गेली आणि खापर घेऊन आली. खानदेशातल्या वाचकांना खापर सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, ते मातीचे घुमटासारखे भांडे असते, चुलीवर उपडे ठेवून त्यावर मोठाल्या पुरणपोळ्या भाजतात. मावशीने ते लग्नात माहेरून आणले होते. इंदुरात ते कोणाला ठाऊक नाही.

"याला कोणी कढई म्हणत नाही," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने ते चुलीवर उताणे ठेवले. खोलगट, मातीचे, छान तापणारे भांडे झाले. इतक्या वर्षांत ते उलटे करून कोणी बघितले नव्हते.

ज्वारी सुरेख फुटली. पण फिकी. तेल नसल्यामुळे तिखटमीठ वर बसेना, हलवले की सगळे तळाशी. तेव्हा मी शहाणपणा केला. तिखट थेट तापलेल्या वाळूतच टाकले.

पुढचे सांगायला नको. घरभर जळक्या मिरचीचा खाट उठला. मावशी खोकत गच्चीकडे, मी नळाकडे. काका दारात उभे राहून डोळे पुसत ओरडले, "अरे भिया, आई गेली तेव्हा मी एवढा रडलो नाही रे!"

बोलून गेल्यावर ते स्वतःच चपापले. मग गच्चीवरून मावशीचे हसणे ऐकू आले, खोकत, थांबत, पुन्हा हसत. भाद्रपदापासून या घरात कोणी हसले नव्हते, असे तिने मला नंतर सांगितले. ती आत आली तेव्हा हसत होती की रडत होती हे नीट कळत नव्हते. काकांनी तिला पाणी दिले.

दुपारी मला सुचले ते खरे तर आमच्या खाऱ्या फुटाण्यांतले आहे. चण्याला भाजण्यापूर्वी मिठाचे पाणी लावतात, म्हणून मीठ आत मुरते. मी जिरे, ओवा आणि मीठ पाण्यात उकळले, त्या पाण्यात उरलेली ज्वारी भिजवली, कापडात दाबून ठेवली आणि गच्चीवर उन्हात सुकवली. संध्याकाळी खापरात घातली. दाणा फुटताना ओव्याचा वास आला. तोंडात घातल्यावर वर काही नाही, आणि चावल्यावर आतून चव. फार मोठी गोष्ट नव्हे. पण वरून काही गळत नव्हते, हाताला तेल नव्हते, आणि ते भाजताना त्या घराचा कोणताही नेम मोडला नव्हता.

मावशीने पहिली मूठ आजींच्या फोटोपुढे ठेवली. दुसरी वाटी भरून मला वर पाठवले.

भागवंतीबाईंनी दाणे एकेक करून खाल्ले. बरे की वाईट काही म्हणाल्या नाहीत. उरलेले ओढणीच्या टोकाला बांधले आणि माझ्याकडे पाहिले.

"इतनी देर से आए, बेटा," त्या म्हणाल्या.

मी वाटी घेऊन जिना उतरलो. त्या जिन्यावर मी ठरवले की मावशीसारख्या घरांना हे विकायचे नाही. तिथे ताटेच जावीत. पण ज्यांच्याकडे ताट येत नाही त्यांच्यासाठी टोपली असावी.

भुसावळ

घरी आलो तोवर भाऊबीज उलटून गेली होती. आईने दारातच हळूच सांगितले, "तुझ्या बाबांनी दसऱ्यापासून गिऱ्हाईकाला 'पुन्हा या' म्हणणं सोडलंय." आमच्या दुकानाची ती रीत. पुडी हातात देताना वडील प्रत्येकाला 'पुन्हा या' म्हणतात. फक्त अंत्ययात्रेच्या लाह्या न्यायला जो येतो, त्याला म्हणत नाहीत. आता ते कोणालाच म्हणत नव्हते. ज्याला भट्टी फोडायची आहे तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

मी वडिलांना सगळे सांगितले आणि भट्टीवर करून दाखवले. मोठ्या भट्टीत खापर चालेना, म्हणून वडिलांनी कुंभाराकडून रुंद तोंडाची मातीची परात आणली. त्यांनी चव घेतली, दोनदा घेतली, आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पण दुखवट्याचा खाऊ असं एकदा नाव पडलं, तर दुसरा कोणी घरात घेणार नाही."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी म्हणालो, मग नाव नको. भागवंतीबाईंनी सांगितलेला टोपलीवाला मी त्यांना पुन्हा सांगितला, ओरडत नसे तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटाण्यांच्या शेजारी एक टोपली मांडली. तिच्यावर पाटी लावली नाही, हाकही दिली नाही.

काही दिवस कोणी विचारले नाही. मी दुकानात बसून टोपलीकडे बघत असे, आणि तुळशीचे लग्न जवळ येत होते. मग एक दिवस क्वार्टरांतला एक इंजिनावरचा फायरमन आला. मद्रासकडचा, नवीनच बदलून आलेला. डोक्यावर केस नुकते उगवत होते. तो सगळ्या टोपल्यांवरून नजर फिरवत उभा राहिला.

"तेल वाला नहीं चाहिए," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "घर में... फादर."

वडिलांनी काही न विचारता नव्या टोपलीतली पुडी बांधून दिली. तो गेला. वडील त्याला 'पुन्हा या' म्हणाले नाहीत, आणि म्हणणार नाहीत हे मला माहीत होते.

तुळशीचे लग्न झाले. मुकादमाचा निरोप आला की सोमवारी यार्डात हजर व्हा. वडिलांनी निरोप्याला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मी जळगावला जायची ट्रंक भरत होतो. भट्टी पेटलेली होती, पण ती अखेरची म्हणून पेटली आहे की काय, हे विचारण्याचा मला धीर होत नव्हता.

दुपारी तोच फायरमन पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर दोन लहान मुली होत्या, आणि धाकटीने आल्या आल्या सरळ त्या टोपलीत हात घातला. त्याने तिला ओढले आणि शरमून हसला.

"घर में अब सब ठीक है," तो म्हणाला. "तेल, कढ़ाई, सब चालू. पर ये लोग यही माँगते हैं."

वडिलांनी मोठी पुडी बांधली. धाकटीच्या ओंजळीत वरून मूठभर घातले. पुडी फायरमनच्या हातात देताना ते थोडे अडखळले. सवय मोडली होती.

"पुन्हा या," ते म्हणाले.